वाढते वय, श्रम आणि स्त्रियांचा रक्तदाब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने ताळेबंद, बँका आणि सहकार हे विषय सोडून रक्तदाबावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वर्षापूर्वी मलाही ते वाटले असते. परंतु गेल्या आषाढात आमच्या घरी एक प्रसंग घडला. त्यातून जे प्रश्न निर्माण झाले, त्यांची उत्तरे शोधता शोधता हा लेख तयार झाला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे शास्त्रातील शब्द मला मराठीतच सुचतात. शेजारणींना समजावून सांगताना मात्र तीच गोष्ट कानडीत सांगावी लागते. आपण ज्याला रक्तदाब म्हणतो त्याला कानडीत ‘रक्तदोत्तड’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, रक्ताचा रेटा. हा रेटा वयाबरोबर आणि श्रमाबरोबर स्त्रीच्या शरीरात कसा बदलतो, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

एक प्रसंग, तीन आकडे

आमचे गाव बसवकल्याण तालुक्यात आहे. येथून उमरगा, नळदुर्ग, सोलापूर या मार्गाने पंढरपूर सुमारे २०० किलोमीटर भरते. माझी आजी ६६ वर्षांची असून गेली अनेक वर्षे दिंडीबरोबर पायी वारी करते. गेल्या वर्षी नळदुर्गच्या अलीकडच्या मुक्कामी दिंडी पोहोचली. दिवसभर ऊन होते. आजीने डोक्यावरची तुळस खाली ठेवली, आरतीसाठी ती उभी राहिली आणि दोन-तीन मिनिटांत खाली कोसळली. बरोबरच्या बायकांनी तिला जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. तेथे रक्तदाब ९८/६० भरला. अर्धा तास झोपवून, पाणी पाजून पुन्हा मोजला तेव्हा १३४/७०. दुसऱ्या दिवशी जीपने तिला गावी आणले. आमच्या आरोग्य केंद्रातील सिस्टरांनी सकाळी मोजला, तो १६८/७४!

“माय, आता बास. यापुढं वारी बंद,” असे वडिलांनी सांगून टाकले. त्यात त्यांची माया होती हे खरे. पण आजी त्यानंतर तीन दिवस कोणाशी धड बोलली नाही. मला प्रश्न पडला तो आकड्यांचा. हिशेबात एका खात्याला तीन शिल्लका निघाल्या तर कोठेतरी चूक आहे असे आम्हांला शिकवतात. मग आजीचा रक्तदाब वाढलेला आहे की कमी झालेला? आणि चालणे बंद करणे हा त्यावरचा उपाय आहे काय?

रेटा कशाने ठरतो?

रक्तदाबाचे मूळ सूत्र वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही सहज समजेल असे आहे. हृदय दर मिनिटाला जितके रक्त बाहेर टाकते, त्याला लहान रक्तवाहिन्यांच्या विरोधाने गुणले की रक्तदाब येतो. आवक वाढली किंवा वाट अरुंद झाली तर रेटा वाढतो. आवक घटली किंवा वाटा रुंदावल्या तर रेटा उतरतो. यंत्रावर दिसणारा वरचा आकडा हृदय आकुंचन पावते त्या क्षणाचा व खालचा आकडा ते सैल पडते त्या वेळचा असतो.

विश्रांतीत हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवते. त्यातील जेमतेम पाचवा भाग स्नायूंकडे जातो. भरपूर श्रमाच्या वेळी तरुण माणसाचे हृदय १५ ते २० लिटर रक्त फिरवू शकते आणि त्यातील चार-पंचमांश स्नायूंना मिळते. आतडी, मूत्रपिंडे यांच्या वाट्याला तेवढ्यापुरती कात्री लागते. अंदाजपत्रकातील एका खात्याची रक्कम दुसऱ्या खात्याकडे वळवावी तसाच हा प्रकार आहे. चालताना किंवा जिना चढताना हृदयाची आवक वाढते, पण त्याच वेळी पायांतील रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून निरोगी माणसाचा वरचा आकडा वाढतो आणि खालचा जवळजवळ तेथेच राहतो. ओली सतरंजी पिळणे, भरलेली घागर धरून उभे राहणे अशा, स्नायू आवळून धरण्याच्या कामात मात्र दाबलेल्या स्नायूंतून रक्त मोकळेपणाने वाहू शकत नाही. त्यामुळे दोन्ही आकडे चढतात.

हे सारे सांभाळणारी यंत्रणा तीन प्रकारची आहे. पहिला मेंदूचा आगाऊ हुकूम. पाऊल उचलण्याचे ठरताच मेंदू हृदयालाही तयारीचा निरोप पाठवतो. दुसरी स्नायूंची तक्रार. १९३७ साली आलम आणि स्मर्क या दोन संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. माणसाला हातापायाच्या स्नायूंचे काम करावयास लावले आणि काम थांबण्यापूर्वी त्या अवयवावर पट्टा आवळून तेथील रक्त अडवून ठेवले. काम थांबले, तरीही रक्तदाब खाली आला नाही. पट्टा सोडल्यावरच तो उतरला. म्हणजे श्रमाने स्नायूत साठलेली द्रव्ये तेथील मज्जातंतूंमार्फत वर तक्रार पाठवत राहतात व दाब चढता ठेवतात. तिसरे म्हणजे पहारेकरी. मानेतील मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी टोके असतात. धमनीची भिंत ताणली की ती मेंदूला कळवतात व हृदयाचा वेग आणि वाहिन्यांची रुंदी क्षणात बदलली जाते. श्रमाच्या वेळी हा पहारेकरी आपली ठरलेली पातळी वर सरकवून घेतो, पण पहारा सोडत नाही.

पाळी असेपर्यंतचे संरक्षण

सर्वसाधारणपणे तरुण स्त्रीचा रक्तदाब तिच्याच वयाच्या पुरुषापेक्षा कमी असतो आणि श्रमाच्या वेळी तो वाढतोही कमी. याचे एक मोठे कारण इस्ट्रोजेन हे संप्रेरक होय. रक्तवाहिनीच्या आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करते व त्यामुळे वाहिनी सैल पडते. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इस्ट्रोजेनमुळे हे अस्तर आपले काम अधिक चांगले करते.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. श्रमाच्या किंवा ताणाच्या वेळी जे मज्जातंतू वाहिन्या आवळतात त्यांना अनुकंपी मज्जातंतू म्हणतात. गुडघ्याजवळच्या मज्जातंतूत केसासारखी बारीक सुई घालून त्यांचे संदेश प्रत्यक्ष मोजता येतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २००९ ते २०११ या काळात जॉयनर, शार्कूडियन व हार्ट या संशोधकांनी असे दाखविले की, तरुण स्त्रियांमध्ये हे संदेश जास्त असले तरी वाहिन्यांचा विरोध त्या प्रमाणात वाढत नाही. कारण तोच संदेश त्यांच्या वाहिन्यांना एका बाजूने आवळतो व दुसऱ्या बाजूने सैलही करतो. खर्च झाला तरी समोर जमा पडत राहते, तसे हे आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये मात्र ही जमेची बाजू जवळपास नाहीशी झालेली आढळली.

येथे माझ्या मैत्रिणींनी निर्धास्त होऊ नये. २०२० साली लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ३२,८३३ स्त्री-पुरुषांच्या ४३ वर्षांतील नोंदी तपासल्या. त्यांत असे दिसले की स्त्रियांचा रक्तदाब कमी पातळीवरून सुरू होत असला तरी विशी-तिशीच्या दरम्यानच तो पुरुषांपेक्षा वेगाने चढू लागतो. चाळिशीनंतर दिसणाऱ्या आजाराची पहिली नोंद आपल्या वयातच पडू लागते, असा याचा अर्थ आहे.

पाळी गेल्यानंतर

भारतीय स्त्रीची पाळी सरासरीने ४६-४७ च्या सुमारास जाते. पाश्चात्त्य देशांत ती ५१ च्या आसपास जाते. कानडीत बायका ‘मुट्टु निंतु’ एवढेच म्हणतात आणि विषय संपवतात. परंतु शरीरात त्यानंतर बरेच काही घडते.

पहिली गोष्ट, इस्ट्रोजेनचा आधार सुटतो आणि अनुकंपी मज्जातंतूंचे संदेश तर वाढलेले असतात. त्यामुळे आवळणे पूर्ण आणि सैल करणे अपुरे, अशी स्थिती होते. दुसरी गोष्ट, स्नायूंची जी तक्रार तरुणपणी सौम्य असते, ती आता अधिक जोराने दाब चढवू लागते. तिसरी गोष्ट, पायांतील वाहिन्या श्रमाच्या वेळी पूर्वीइतक्या रुंदावत नाहीत. परिणामी तेवढाच जिना, तेवढीच घागर. पण दाब पूर्वीपेक्षा जास्त चढतो. विश्रांतीत मोजलेला आकडा निर्दोष असतानाही असे घडू शकते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यापुढे साठीनंतर मोठ्या धमन्या ताठ होतात. नवीन रबरी नळीत पाणी सोडले तर ती किंचित फुगते व धक्का झेलते. उन्हात वाळून ताठ झालेली नळी धक्का तसाच पुढे ढकलते. धमन्यांचेही असेच होते. त्यामुळे वरचा आकडा चढतो, खालचा मात्र तेथेच राहतो किंवा उतरतो आणि दोहोंतील अंतर वाढते. आजीच्या १६८/७४ मध्ये ९४ चे अंतर आहे, त्याचा अर्थ मला येथे उमगला. भिंत ताठ झाली की ती ताणली जात नाही आणि ताणली न गेल्यामुळे पहारेकऱ्यालाही बातमी उशिरा व अपुरी मिळते. शिवाय हृदयाचा कमाल वेगही वयाबरोबर घटतो. २०१० साली शिकागो येथे ३५ वर्षांवरील ५,४३७ स्त्रियांच्या पाहणीवरून मार्था गुलाटी यांनी एक सूत्र मांडले. २०६ मधून वयाची ०.८८ पट वजा करावी. या हिशेबाने माझ्या आईचा कमाल वेग मिनिटाला सुमारे १६५ व आजीचा सुमारे १४८ येतो. म्हणजे अडचणीच्या वेळी वेग वाढवून भरपाई करण्याची हृदयाची राखीव गंगाजळीच कमी झालेली असते.

आता आजीचे तीन आकडे एकत्र पाहू. चालत असताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत होते. ती एकाएकी थांबली तेव्हा हे ढकलणे थांबले. पण पायांतील वाहिन्या अजून रुंदच होत्या आणि उन्हामुळे त्वचेतील वाहिन्याही उघडलेल्या होत्या. रक्त पायांत साचले. पहारेकऱ्याला उशिरा कळले, हृदयाला वेग वाढवता आला नाही. त्यात घामाने पाणी गेलेले, म्हातारपणी तहान कमी लागते म्हणून ते भरून न काढलेले आणि सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी. म्हणून ९८. आडवे केल्यावर पायांतील रक्त परत आले, म्हणून १३४. आणि दुसऱ्या दिवशी विश्रांतीत ताठ धमन्यांचा खरा स्वभाव दिसला, म्हणून १६८. तिन्ही आकडे बरोबर होते. वयाने स्त्रीचा रक्तदाब केवळ वाढतो असे म्हणणे अपुरे आहे. तो सांभाळण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे तो वरही जास्त जातो आणि खालीही जास्त येतो.

घरची पाहणी

वाचलेले पडताळून पाहावे म्हणून आम्ही घरी एक लहानशी पाहणी केली. आजीला आधी डॉक्टरांना दाखवले होते व मोजताना सिस्टर हजर होत्या. आमच्या माडीला १२ पायऱ्यांचा जिना आहे. मी व आईने तो तीन वेळा चढून उतरला. आजीने एकदाच, कठड्याला धरून. पहिला आकडा विश्रांतीतील, दुसरा उतरल्याबरोबर आणि तिसरा पाच मिनिटे उभे राहिल्यानंतरचा.

मी (वय २०) : ११०/७०, १२८/७०, १०८/६८
आई (वय ४६) : १२६/८२, १६४/८६, १३०/८२
आजी (वय ६६) : १४८/७२, १८२/७४, १२०/६६

नंतर डाव्या हाताने ओला टॉवेल दीड मिनिट आवळून धरला व उजव्या दंडावर दाब मोजला. माझा १२४/८० झाला, आईचा १५४/९८. आजीला हा प्रयोग सिस्टरांनी करू दिला नाही.

तीन बायकांची ही पाहणी म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणते. सराव, वजन, झोप, त्या दिवशीचे जेवण या सर्वांचा परिणाम आकड्यांवर होतो. तरीही वाचलेल्या गोष्टी एका जिन्यावर अशा ओळीने उभ्या राहिलेल्या पाहून आम्ही तिघीही थोडा वेळ गप्प झालो. आईला वर्षभर पाळी आलेली नाही. घागर उचलताना कानशिले ठणकतात असे ती म्हणे. आम्ही ते कामाच्या थकव्यावर ढकलत होतो. घरातील सर्वांची काळजी आजीकडे लागलेली असताना, ज्या आकड्याकडे लक्ष द्यावयास हवे होते तो आईचाही होता.

अकाली आलेले वय

याच सुमारास आईबरोबर तुरीच्या काढणीला येणाऱ्या, तांड्यावरच्या एका मावशींशी बोलणे झाले. त्या चाळिशीच्या आहेत. “तलि तिरगतद,” म्हणजे डोके गरगरते, असे त्या ऊसतोडीच्या हंगामातही म्हणत. त्यांचे गर्भाशय बत्तिसाव्या वर्षीच काढून टाकलेले आहे. पोटात दुखते म्हणून गेल्या आणि पिशवी काढून परत आल्या, एवढेच त्यांना ठाऊक. बीजकोश ठेवले की काढले, हे त्यांना कोणी सांगितले नाही व त्यांच्याजवळ कागदही नाही.

ही एकट्या मावशींची कथा नाही. आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील तांड्यांवरच्या लंबाणी स्त्रियांची गर्भाशये गरज नसताना काढली जात असल्याच्या तक्रारी झाल्या, २०१५ साली त्यांची चौकशी झाली आणि २०१७ साली या स्त्रियांनी कलबुर्गीत निदर्शनेही केली. सीमेपलीकडील बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत हाच प्रश्न २०१९ साली पुढे आला. महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सुमारे सहांत एकीची. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश राज्यांना दिला.

रक्तदाबाच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेनचा आधार एका दिवसात संपतो. ते ठेवले तरी अशा स्त्रियांत त्यांचे काम सरासरीने काही वर्षे लवकर थांबते. रेशनकार्डावर ३५ वर्षे लिहिलेले असते, पण रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने ती स्त्री पन्नाशीच्या वाटेला लागलेली असते. आणि तिचे काम कोणते? ३०-४० किलोंची मोळी श्वास रोखून डोक्यावर घ्यायची व फळीवरून वाहनात चढायचे. श्वास रोखून वजन उचलताना रक्तदाब काही क्षणांपुरता फार वर जातो व श्वास सोडताच एकदम खाली येतो. निरोगी शस्त्रक्रियेचा खर्च कुटुंब कर्ज काढून भागवते. हा दुसरा खर्च मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, बीजकोशांविषयी स्पष्ट विचारावे आणि कागद जपून ठेवावेत, एवढे तरी आपण सुशिक्षित मुलींनी आपल्या गावी सांगितले पाहिजे.

मग श्रम थांबवावेत काय?

नाही. या प्रश्नावर माझ्या वाचनात आलेले सर्व जाणकार एकमताने नियमित व्यायामाच्या बाजूचे आहेत. व्यायामाने धमन्यांचा ताठरपणा वाढण्याचा वेग मंदावतो, अस्तराचे काम सुधारते आणि विश्रांतीतील दाबही उतरतो. २०२३ साली २७० चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. त्यांत चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाने वरचा आकडा सरासरी ४ ते ५ अंकांनी व स्नायू स्थिर आवळून धरण्याच्या व्यायामाने सुमारे ८ अंकांनी उतरलेला दिसला. ज्या आवळण्याने त्या क्षणी दाब चढतो, तेच बेताने व नियमाने केल्यास महिन्यांनंतर दाब उतरवते, हे वाचून मला आश्चर्य वाटले. अर्थात, ज्यांचा रक्तदाब जास्त आहे त्यांनी असा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा.

गोळ्या घेऊन इस्ट्रोजेनच भरून काढावे, असेही कोणाला सुचेल. परंतु अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याचा भाग २००२ साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण त्यात लाभापेक्षा अपाय जास्त दिसले. त्रास फार असल्यास डॉक्टर तो उपचार देतात. केवळ रक्तदाबासाठी तो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. आमच्याकडील बायकांना श्रम पुष्कळ असतात. नियम, बेत आणि विश्रांती मात्र नसते. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. काम किंवा चालणे सावकाश सुरू करावे आणि सावकाशच संपवावे. एकदम थांबू नये. शेवटची ५ ते १० मिनिटे हळू चालावे.

२. वजन उचलताना श्वास रोखू नये. उचलताना श्वास सोडावा. घागर मोठी असल्यास अर्धी भरून दोन खेपा कराव्यात.

३. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपतच वेग ठेवावा. (आजीचे म्हणणे असे की वारीत अभंग म्हणत चालतात, म्हणून वारीचा वेग मुळातच योग्य असतो!)

४. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. लोणचे, पापड यांतील मीठ आवरावे. दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, जास्त मीठ नको.

५. रक्तदाब पाच मिनिटे शांत बसून मोजावा. साठीनंतर तो आडवे असताना व उभे राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटालाही मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

६. पाळी अनियमित होऊ लागली की घरातील स्त्रीचा रक्तदाब मोजावयास सुरुवात करावी. विश्रांतीतील आकडा बरा असला तरी श्रमात डोके ठणकणे, धाप लागणे यांकडे दुर्लक्ष करू नये.

७. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. मात्र उन्हातान्हात चालावयाचे असेल तर गोळीची वेळ व प्रकार यांविषयी आधी विचारावे.

८. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. कोणाला भोवळ आल्यास आधी आडवे करून पाय उंच ठेवावेत. घेराव घालून बसते करू नये.

उपसंहार

आजीला तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तिची गोळी बदलली आणि रोज चालण्यास सांगितले. दिवाळीपासून ती पहाटे गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत जाऊन येते. प्रथम मी सोबत जात असे. आता आईही येते, कारण आईलाही तोच सल्ला मिळाला आहे. गेल्या महिन्यात आजीचा विश्रांतीतील आकडा १३८/७० होता व उभे राहिल्यावर १३०/७०. तांड्यावरच्या मावशींना सिस्टरांकडे नेऊन त्यांच्या नावाचे कार्ड करून घेतले. त्यांचा दाब वाढलेलाच निघाला आणि उपचार सुरू झाले आहेत.

वडिलांना मी जिन्यावरचे आकडे दाखवले होते. त्यांनी ते दोनदा वाचले आणि आईच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, “हे कधीपासून?” त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळच नव्हते. त्यानंतर पाण्याची मोठी घागर तेच आणू लागले.

वारीचा प्रश्न डॉक्टरांनी आषाढाच्या आधी पुन्हा तपासून ठरवू असे सांगितले आहे. परंतु दिंडीच्या विणेकऱ्यांनी यंदाची वही काढली तेव्हा वडिलांनी स्वतः जाऊन आजीचे नाव घातले. शेजारी त्यांनी लिहवून घेतले : ‘मुक्कामी पोहोचल्यावर लगेच उभे करू नये. आधी बसवावे, पाणी द्यावे.’ त्या खाली आजीने आणखी दोन म्हाताऱ्यांची नावे घालायला लावली. या लेखातील शास्त्र कोणाच्या लक्षात राहिले नाही तरी चालेल. वहीतील त्या दोन ओळी आपापल्या घरी कोणी लिहिल्या, तरी माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.